मावशी म्हणते, "तुझ्या औषधासाठी थांबते"

वाचकाचं पत्र (थोडं आखडून):

"ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोह ऑक्साइडचे चुंबकीय नॅनोकण करायचे, त्यांच्यावर लेप चढवायचा आणि उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ते किती तापतात ते मोजायचं, हे माझं काम. आई मी लहान असतानाच गेली. मावशीनं मला वाढवलं. गेल्या महिन्यात मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. गाठ आजूबाजूला पसरलीय, ऑपरेशन करता येणार नाही, रेडिएशन आणि दर आठवड्याला केमो असं डॉक्टरांनी सांगितलंय. मावशी तारीखच घेत नाही. म्हणते, 'तू कॅन्सरवरचंच करतेस ना? मग मी थांबते. तुझ्या हातचं मला लागू पडेल.' त्यात मामांनी एक व्हिडिओ पाठवला. लोखंडाची पूड टोचली की गाठ आतल्या आत वितळते, बाकी शरीराला धक्काही लागत नाही, असं त्यात दाखवलंय. इकडे माझे कण सिलिकाचा लेप दिल्यावर निम्मेच तापतात. ४०० किलोहर्ट्झ आणि २५ किलोअँपिअर प्रति मीटर इतकं क्षेत्र लावूनही. खरं सांगते, एका रात्री मनात आलं की थोडे कण निर्जंतुक करून घ्यावेत आणि... पुढचा विचार केला नाही. मावशीला काय सांगू? आणि या कामात काही अर्थ आहे का?"

अगं, बाकी सगळं नंतर. आधी मावशींच्या रेडिएशनची तारीख घे. हे पत्र वाचताना दवाखान्याची वेळ असेल तर वाचणं थांबव, फोन कर आणि मग पुढे वाच.

एवढी घाई का, ते सांगते. गर्भाशयमुखाच्या या टप्प्यावरच्या कॅन्सरला बाहेरून रेडिएशन, जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून दिलेलं रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी, हा उपचार बरं करण्यासाठी देतात. नुसते दिवस ढकलण्यासाठी नाही. गाठ पसरलीय, ऑपरेशन होणार नाही, हे ऐकलं की घरातले सगळे 'आता काही उरलं नाही' असंच समजतात. या कॅन्सरमध्ये तसं नसतं. बऱ्याच बायका या उपचारानं पूर्ण बऱ्या होतात. पण त्याला वेळेचं बंधन आहे. पहिल्या दिवसापासून शेवटच्या ब्रेकीथेरपीपर्यंत सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. त्यापुढे उपचार रेंगाळला की प्रत्येक जादा दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्ध्या ते एक टक्क्यानं घटते. हे सुरू झाल्यानंतरच्या खंडाबद्दल झालं. सुरूच न करता घालवलेले दिवस तर गाठीला वाढायला मोकळे मिळतात. तू तिसऱ्या वर्षाला आहेस. तुझ्या कामाला लागणारा वेळ आणि मावशींच्या हातात असलेला वेळ यांचा मेळ बसणार नाही, आणि हे त्यांना तुझ्याच तोंडून कळायला हवं. त्या तुझ्यासाठी थांबल्यात. डॉक्टर दहा वेळा सांगतील तरी त्यांच्या मनात 'माझी पोर करतेय ना' हेच राहील.

त्या रात्रीच्या विचाराबद्दलही लगेच बोलते, कारण तो तू लिहिलास हेच मला फार मोलाचं वाटलं. असं बहुतेक जण लिहीत नाहीत. तू पुढचा विचार केला नाहीस, तो आता माझ्याबरोबर कर, म्हणजे तो परत येणार नाही. तुझ्या कुपीत काय काय आहे ते आठव. कण बनवताना वापरलेले ओलेइक आम्ल, अमाइन, सिलिकासाठी वापरलेला पृष्ठसक्रियक (साबणासारखं काम करणारं रसायन), धुताना राहून गेलेला अमोनिया. पाच वेळा धुतलं म्हणून सगळं गेलं असं होत नाही, हे तुला माझ्यापेक्षा अलीकडचं माहीत आहे. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेतून, काढलंस तर जिवाणू मरतील, पण मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन तसंच राहील. ते रक्तात गेलं की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. आणि त्या उष्णतेत लेप सुटला तर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतील. शिरेतून गेलेल्या अशा गुठळ्या सगळ्यात आधी फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात.

औषध म्हणून, सगळे नियम पाळून केलेल्या कणांनाही हे चुकलेलं नाही. फेरुमॉक्सिटॉल नावाचं इंजेक्शन आहे. ते म्हणजे डेक्स्ट्रानच्या एका प्रकाराचा लेप दिलेले लोह ऑक्साइडचे नॅनोकण, अगदी तुझ्या कणांची सख्खी भावंडं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापावा लागला, कारण काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली. वर्षानुवर्षं तपासलेल्या लेपाची ही गोष्ट. तुझ्या टेबलावरची कुपी टेबलावरच राहू दे. तो विचार तुझ्या मायेतून आला, त्याची लाज बाळगू नकोस. पण परत आला तर त्या रात्री मैत्रिणीला फोन कर आणि मोठ्यानं सांग.

आता तो व्हिडिओ. मी पाहिलेला नाही, पण असे बरेच पाहिलेत. त्यांतली पाव बाजू खरी असते आणि म्हणूनच ते घरात शिरतात.

खरं आहे ते हे. कॅन्सरच्या पेशी उष्णतेला दबतात. शरीराचं तापमान ३७ अंश. गाठ ४२-४३ अंशांवर तासभर राहिली की तिच्यातली प्रथिनं उलगडायला लागतात, काही पेशी मरतात आणि उरलेल्या दुबळ्या होतात. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ ला एक तास, तर ४४ ला अर्धा, ४५ ला पाव. रेडिएशनशी तर उष्णतेची जोडीच छान जमते. रेडिएशनला नमत नाहीत त्या पेशी, म्हणजे गाठीच्या पोटातल्या, प्राणवायू कमी मिळणाऱ्या, आंबट वातावरणातल्या, नेमक्या उष्णतेला हळव्या असतात. शिवाय किरणांनी तुटलेला डीएनए सांधणारी यंत्रणा उष्णतेनं काही तास ठप्प होते.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. हे वाचून तू दचकशील, पण उष्णतेचा एक चांगला पुरावा मावशींच्याच आजारातला आहे. नेदरलँड्समध्ये ओटीपोटातल्या पसरलेल्या गाठींवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००० साली छापून आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ११४ बायका त्यात होत्या. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी २७ टक्के हयात होत्या. रेडिएशनबरोबर उष्णता घेतलेल्यांपैकी ५१ टक्के. हा फरक लहान नाही. पण दोन गोष्टी नीट बघ. त्या बायकांच्या शरीरात एकही नॅनोकण नव्हता, त्यांचं ओटीपोट बाहेरून रेडिओलहरींनी तापवलं होतं. आणि उष्णता रेडिएशनच्या जोडीला होती, ऐवजी नव्हती. ती चाचणी चालू होती तेव्हा रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन देण्याची आजची पद्धत रुळली नव्हती, ती १९९९ नंतर रुळली. म्हणजे मावशींना जो उपचार सांगितलाय तो त्या चाचणीतल्या नुसत्या रेडिएशनपेक्षा आधीच पुढचा आहे. त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना जरूर विचार, 'इथे बाहेरून उष्णता देण्याची सोय आहे का, मावशींना ती लागू पडेल का?' सोय असेल तर ते सांगतील. नसेल तर ती शोधत फिरण्यात एक आठवडासुद्धा घालवू नकोस.

मग चुंबकीय कणांचं काय? कल्पना नवी नाही. १९५७ साली गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या लसिका ग्रंथींमध्ये लोह ऑक्साइडचे बारीक कण पोहोचवले, बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि ग्रंथी तापवून दाखवल्या. पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ग्रंथींत लपून राहिलेला रोग जाळता यावा, हा त्यांचा हेतू. तेव्हापासून माणसापर्यंत यायला निम्मं शतक गेलं. बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांच्या गटानं नव्वदच्या दशकात हे काम नेटानं पुढे नेलं, आणि २०१० मध्ये मेंदूच्या गाठींसाठी युरोपात या पद्धतीला मान्यता मिळाली. २०११ साली छापून आलेल्या अभ्यासात ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर उलटलेले ५९ रुग्ण होते. गाठ उलटल्याचं कळल्यापासून त्यांचं मध्यक आयुष्य १३.४ महिने भरलं, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. त्या रोगात हा आकडा बरा आहे. पण शेजारी तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यातलं किती श्रेय कणांचं हे त्या आकड्यावरून काढता येत नाही. आणि त्या रुग्णांनाही कणांबरोबर रेडिएशन दिलं होतं.

व्हिडिओत जे येत नाही ते ऐक. ते कण शिरेतून दिले नव्हते. कवटीला भोक पाडून, सुई नेमकी गाठीत नेऊन टोचले होते, तेही एका मिलिलीटरमध्ये शंभर मिलिग्रॅमहून जास्त लोह इतके दाट. रुग्णाच्या दातांतली धातूची भरणं आणि टोप्या आधी काढाव्या लागत, कारण बदलत्या क्षेत्रात धातू तापतो. कण एकदा आत गेले की त्या भागाचा एमआरआय वाचता येत नाही, लोहाच्या काळ्या सावलीत सगळं बुडून जातं, म्हणून पुढची देखरेख सीटीवर. पुढे दुसऱ्या एका गटानं गाठ काढून उरलेल्या पोकळीच्या कडेला कणांचा थर लावून पाहिला, तेव्हा काही रुग्णांना काही महिन्यांनी इतकी सूज आली की कण काढायला परत ऑपरेशन करावं लागलं. 'बाकी शरीराला धक्काही लागत नाही' हे वाक्य त्यांच्या घरच्यांसमोर कुणी म्हणू शकणार नाही. हे कण बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

मामांना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच सांग: "मामा, ते खोटं नाही, पण ते मेंदूच्या एका कॅन्सरवर, रेडिएशनच्या जोडीला करून पाहिलेलं आहे. मावशीच्या आजारावर आज ते कुणीच देत नाही." मामांनी व्हिडिओ पाठवला तो काळजीपोटीच. त्यांच्यावर एखादं काम सोपव. रोजची ने-आण ते उत्तम करतील.

मावशींचं ओटीपोट आणि त्या रुग्णांचा मेंदू यांतला फरक तर तुझ्याच विषयात येतो, आणि इथे मला तुझ्या आकड्यांबद्दलही बोलायचंय. बदलतं चुंबकीय क्षेत्र फक्त कणांना तापवत नाही. शरीर खारट पाण्याचं आहे, त्यातून वीज वाहते, त्यामुळे क्षेत्र शरीरातही भोवरे प्रवाह निर्माण करतं आणि शरीर सरसकट तापायला लागतं. ही उष्णता क्षेत्र, वारंवारता आणि ज्यातून प्रवाह फिरतो त्या वळशाची त्रिज्या या तिघांच्या गुणाकाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. तुझी टेस्ट ट्यूब बोटाएवढी, म्हणून तुला हे कधी जाणवलंच नाही. डोक्यापेक्षा ओटीपोटाची त्रिज्या साधारण दुप्पट, म्हणजे त्याच क्षेत्रात ही नको असलेली उष्णता चौपट. १९८४ मध्ये ॲटकिन्सन, ब्रेझोविच आणि चक्रवर्ती यांनी स्वयंसेवकांच्या छातीभोवती कॉइल लावून तासभर काय सोसवतं ते पाहिलं. क्षेत्र गुणिले वारंवारता यांची जी मर्यादा त्यातून निघाली ती ४८.५ कोटी अँपिअर प्रति मीटर प्रति सेकंद. पुढे लहान भागासाठी ५०० कोटींपर्यंत चालेल असं काही जणांनी मांडलं. तुझा गुणाकार येतो १,००० कोटी. सैल मर्यादेच्या दुप्पट आणि जुन्या मर्यादेच्या वीसपट. ज्या क्षेत्रात तुझे कण निम्मे का होईना तापतात, त्या क्षेत्रात कण असोत वा नसोत, माणूस झोपूच शकणार नाही.

हे लागेल तुला, पण तुझ्या मार्गदर्शकांशी बोलून एक मोजणी मर्यादेच्या आतली कर. आकडे लहान येतील. तेच आकडे प्रबंधात सगळ्यात उपयोगी ठरतील.

आता लेपावर येते. तू त्याच्यावर रागावली आहेस असं पत्रातून दिसतं, जणू लेपानं तुझी उष्णता खाल्ली. मी आयुष्यातली बरीच वर्षं लेपावर घालवलीत, त्यामुळे त्याची बाजू घेते.

लेप न दिलेले कण मी पहिल्यांदा केले तेव्हा संध्याकाळी कुपी सुरेख दिसत होती. काळीभोर, काचेला धरून डुलणारी. सकाळी तळाला काळा गाळ, वर स्वच्छ पाणी आणि कडेनं तपकिरी वळं. मॅग्नेटाइटचा, म्हणजे या लोह ऑक्साइडचा, काळा रंग हवेनं तपकिरीकडे झुकला होता. सिट्रिक आम्लाचा लेप दिला, कुपी आठवडाभर टिकली. मला आनंद झाला. मग त्यात शरीरातल्याइतकं मीठ घातलं आणि दहा मिनिटांत सगळं खाली बसलं, कारण सिट्रेटचा लेप कणांना विद्युत प्रभारानं एकमेकांपासून दूर ठेवतो आणि मीठ तो प्रभारच झाकून टाकतं. मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या लांब शेपट्या लावल्या. मिठात टिकले. सीरममध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवात, ३७ अंशांवर रात्रभर ठेवले, तर सकाळी काचेच्या आतल्या बाजूला मोहरीहून बारीक काळे ठिपके. रक्तातल्या प्रथिनांनी कणांवर स्वतःचाच थर चढवला होता. शरीराला पुढे जे दिसतं ते तू दिलेला लेप नसतो, त्याच्यावर चढलेला हा प्रथिनांचा थर असतो. तो ओळखून यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी कण उचलून घेतात. २०१६ मध्ये त्याआधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचा मध्यक आकडा ०.७ टक्के निघाला. हा आकडा वाचला त्या दिवशी मी जेवले नव्हते.

बर्लिनच्या कणांना सुईनं थेट गाठीत का नेलं, ते यातून कळतं. तुझा कण साधारण १२ नॅनोमीटरचा. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या रुंदीत असे ६०० कण ओळीनं बसतील. एवढ्याशा कणातून निघणारी ऊब भोवतालच्या पाण्यात तिथल्या तिथे विरून जाते, त्यातून वाहतं रक्त ती सतत पळवत असतं. गाठ ४३ अंशांना न्यायची तर गाठीच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये काही मिलिग्रॅम लोह ठाण मांडून बसायला हवं. आणि म्हणून त्यांनी कणांना अमिनोसिलेनचा लेप दिला. तो लेप कणांना दूर प्रवास करू देण्यासाठी नव्हता, जिथे टोचलेत तिथेच आठवड्यातून दोनदा होणाऱ्या सगळ्या सत्रांपर्यंत टिकून राहावेत यासाठी होता. तुझ्या पत्रात मला हेच सापडलं नाही. तुझा सिलिकाचा लेप कशासाठी आहे? कणानं रक्तातून फिरत राहावं म्हणून, की एका जागी बसावं म्हणून? हे दोन वेगळे लेप आहेत आणि दोन वेगळे प्रबंध आहेत. मार्गदर्शकांकडे हा प्रश्न घेऊन बस. तो ठरल्याशिवाय 'लेप चांगला की वाईट' याला उत्तरच नाही.

निम्म्या उष्णतेबद्दल मला एक शंका आहे, चुकीची असेल तर सोडून दे. तू उष्णता कशाच्या एका ग्रॅमला काढतेस, वाळवलेल्या भुकटीच्या की तिच्यातल्या लोहाच्या? सिलिका चढली की भुकटीचं निम्मं वजन सिलिकाचंच होऊ शकतं, आणि सिलिका तापत नाही. तसं असेल तर तुझे कण पूर्वीइतकेच तापतायत, फक्त तू भागाकार मोठ्या आकड्यानं करतेस. भुकटी आम्लात विरघळवून लोह मोजून घे आणि मग परत भाग. मी एका मुलाचं पूर्ण सहा महिन्यांचं दुःख असं एका दुपारी संपताना पाहिलंय.

तरीही फरक उरला तर मग भौतिकशास्त्र बघ. कण दोन तऱ्हांनी तापतो. एकात कण जागचा हलत नाही, आतलं चुंबकत्व तेवढं पालटतं, ती नील तऱ्हा. दुसऱ्यात सगळा कणच द्रवात गिरकी घेतो आणि घासून तापतो, ती ब्राउन तऱ्हा. जाड लेपानं कणाचा घेर वाढतो, गिरकी मंदावते, दुसरी उष्णता कमी पडते. तेच कण अगारच्या जेलीत घट्ट बसवून तापव. गिरकी बंद झाल्यावर जे उरतं ते नील. पेशीच्या आत कण असेच जखडून बसतात, तिथे त्यांना पाण्यासारखं मोकळं फिरता येत नाही. पाण्यातला सुंदर आलेख पेशीत गेल्यावर निम्म्याच्याही खाली येतो ते यामुळे. म्हणून जेलीतला आकडा मला पाण्यातल्या आकड्याहून जास्त विश्वासाचा वाटतो. लेप दिलेला आणि न दिलेला कण जेलीत सारखाच तापला, तर तुझ्या लेपानं काहीही खाल्लेलं नाही.

या कामात अर्थ आहे का, असं तू विचारलंस. आहे, असं मी मनापासून सांगते. उष्णता रेडिएशनला मदत करते हे माणसांवर दिसलेलं आहे. बाहेरून तापवताना मात्र गाठीबरोबर आजूबाजूचं निरोगी अंगही तापतं, खोलवरच्या गाठीत उष्णता सारखी पोहोचत नाही, आणि भाजण्याच्या भीतीनं तापमान मर्यादेत ठेवावं लागतं. गाठीच्या आतूनच ऊब निघाली तर हे अडथळे कमी होतील. म्हणूनच साठहून अधिक वर्षांच्या या खटाटोपात माणसं अजून टिकून आहेत. अडतं ते लेपावर, मात्रेवर, क्षेत्राच्या मर्यादेवर. म्हणजे नेमकं तुझ्या टेबलावर. पण तुझं काम चांगलं ठरण्यासाठी मावशी बऱ्या होण्याची अट घालू नकोस, आणि मावशींवर तुझ्या कामाचा भार टाकू नकोस. हे दोन्ही तू नकळत करते आहेस असं मला वाटतं. निम्म्या उष्णतेचं दुःख तू ज्या वाक्यात लिहिलंस, त्याच्या जरा आधीच्याच वाक्यांत मावशी आहेत.

मी एक चूक केली होती, ती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कामाची एका वर्तमानपत्रात बातमी आली. मुलाखत मीच दिली होती. मी कण, लेप, उष्णता सगळं उत्साहानं सांगितलं आणि 'हे अजून फक्त टेस्ट ट्यूबमध्ये आहे' हे वाक्य शेवटी कधीतरी म्हटलं. छापताना ते गळलं. पंधरा दिवसांनी एक गृहस्थ रिपोर्टांची फाईल छातीशी धरून प्रयोगशाळेच्या दारात उभे. बायकोच्या केमोच्या दोन फेऱ्या त्यांनी थांबवल्या होत्या, आमचं औषध आधी बघू म्हणून. मी त्यांना खुर्ची दिली आणि खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फाईलचे कोपरे सरळ करत बसले. मग विचारलं, "मग परत तिकडेच जाऊ ना?" मी म्हटलं, आजच जा. ते गेले. पुढचं मला माहीत नाही. त्या दिवसापासून मी कामाबद्दल कुणालाही सांगताना ते वाक्य पहिल्यांदा म्हणते.

तूही मावशींना तेच आधी सांग. कण, क्षेत्र, अंश यांतलं काही नको. त्यांच्या शेजारी बस आणि म्हण: "मावशी, मी करते ते अजून औषध नाही. ते कुणाही माणसाला द्यायच्या जवळपासही नाही. ते झालं तरी रेडिएशनच्या सोबतच द्यावं लागेल, त्याच्याऐवजी नाही. म्हणजे तुला रेडिएशन घ्यायचंच आहे. माझ्यासाठी थांबायचं असेल तर ते घेऊन थांब." हे शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. 'तुझ्या हातचं लागू पडेल' असं म्हणताना त्यांना औषध हवंय की तू हवी आहेस, हे तुला जास्त कळेल. मला वाटतं त्यांना भीती वाटतेय, आणि रेडिएशनच्या खोलीत एकटीनं जायची भीती तुझ्या नावामागे ठेवलीय. त्यांना विचार, नक्की कशाची भीती वाटते? भाजण्याची? आतल्या रेडिएशनची? बरेच जण रेडिएशनला 'शेक' म्हणतात, त्यामुळे अंग भाजणार असं वाटतं. यंत्राखाली झोपताना काहीच जाणवत नाही, चटका बसत नाही. त्रास होतो तो पुढे, हळूहळू. थकवा, जुलाब, लघवीला जळजळ. त्यावर औषधं असतात, आणि हे आधी माहीत असलं की मधेच उपचार सोडावासा वाटत नाही. ब्रेकीथेरपीबद्दल डॉक्टरांना मोकळेपणानं विचारायला लाव, भूल किंवा वेदनाशामक काय देणार ते आधीच कळू दे. पुष्कळ बायका लाजेनं इथेच अडतात, आणि याच टप्प्यावर उपचार अर्धा सोडणं सगळ्यात महागात पडतं.

त्यांच्या हिमोग्लोबिनवर लक्ष ठेव. या आजारात रक्त जातं, आणि रक्त कमी असलं की गाठीला प्राणवायू कमी मिळतो आणि रेडिएशनचं काम अवघड होतं. डॉक्टर तपासतीलच, पण तूही आकडे एका वहीत लिही. सिस्प्लॅटिनच्या दिवशी पाणी भरपूर जायला हवं, मूत्रपिंडासाठी. वहीत तारखा टाक: बाहेरच्या रेडिएशनच्या साधारण पंचवीस बैठका, आठवड्याला पाच. झाली त्यावर फुली मार. एखादी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचार की ती भरून कशी काढायची. तुला नोंदी ठेवायची सवय आहेच. ही वही मावशींच्या हातात दे, फुल्या त्यांनाच मारू दे.

प्रयोगशाळेत आठ आठवडे कमी जा. मार्गदर्शकांना कारण स्पष्ट सांग. कण कुपीत सहज थांबतील, हे तुझ्या सिलिकाच्या लेपाला जमायलाच हवं. आणि जेलीतला आकडा आला की मला कळव, तो मला खरंच बघायचाय. त्याच्याही आधी, तारीख कोणती मिळाली ते.